मंगळवारी लूव्र बंद असते, हे आम्हाला आधी का सांगितले नाही?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: युरोप बस सहलीत पॅरिस दर्शनाच्या दिवशी छापील कार्यक्रमातील स्थळे न दाखवल्याबाबत

महोदय,

मी आणि माझे वडील (वय 74) मे महिन्यात आपल्या बारा दिवसांच्या सहलीत होतो. तक्रार फक्त सहाव्या दिवसाची आहे. बाकीच्या दिवसांबद्दल माझे काही म्हणणे नाही.

सहाव्या दिवसापुढे आपण 'लूव्र संग्रहालय भेट' असे छापले आहे. तो मंगळवार होता, आणि लूव्र दर मंगळवारी बंद असते. सहलीच्या तारखा आपणच ठरवल्या आणि आम्ही पाच महिने आधी पूर्ण पैसे भरले. तरी ही गोष्ट आम्हाला कळली ती बस तिथे पोचल्यावर. "आज बंद आहे, बाहेरच्या काचेच्या पिरॅमिडपुढे फोटो काढा, वीस मिनिटांत परत या," असे टूर मॅनेजरनी सांगितले.

माझे वडील सातारा जिल्ह्यात 31 वर्षे चित्रकला शिकवत होते. त्यांनी फोटो काढू दिला नाही.

त्याच दिवशी ओर्से संग्रहालय मात्र उघडे होते. ते सोमवारी बंद असते. लूव्रहून सीन नदीचा पूल ओलांडला की चालत जाता येते. तिथे फ्रेंच चित्रकार मिले यांचे 1857 चे चित्र आहे: कापणी झालेल्या शेतात वाकून सरवा वेचणाऱ्या तीन बायका. कॅलेंडरमधून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले हे चित्र बाबा दरवर्षी वर्गात दाखवत. सुगीत आयांबरोबर सरवा वेचायला जाणाऱ्या मुलांना ते समजावून सांगावे लागत नसे. लूव्रऐवजी आम्हाला तिथे सोडा, अशी विनंती मी केली. "कार्यक्रमात नाही," असे उत्तर मिळाले. त्यानंतर बस अत्तराच्या दुकानापाशी सव्वा तास उभी राहिली. ते दुकानही कार्यक्रमात नव्हते.

आयफेल टॉवरचेही तसेच. कार्यक्रमात 'सर्वात वरचा मजला', म्हणजे 276 मीटर. हातात दिलेली तिकिटे दुसऱ्या मजल्याची, 116 मीटरची. वाऱ्यामुळे किंवा गर्दीमुळे वरचा मजला बंद ठेवला असता तर मी एक अक्षर लिहिले नसते. तो सुरू होता.

संध्याकाळी ड्रायव्हरचे तास संपत आले म्हणून नोत्र दाम चर्च चालत्या बसमधूनच दाखवले. ड्रायव्हरच्या विश्रांतीचा कायदा योग्यच आहे, त्यात आमच्या सर्वांच्या जिवाची काळजी आहे, आणि त्यांनी बस फार सांभाळून चालवली. वेळ दुकानात गेला, तो ड्रायव्हरच्या नावावर घालू नये.

लूव्रच्या प्रवेशासाठी घेतलेली रक्कम आणि आयफेलच्या तिकिटांतील फरक, दोघांचाही, परत करावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. छापील कार्यक्रम, पावती आणि तिकिटांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आणखी एक. काल आपले संकेतस्थळ पाहिले. पुढच्या दोन गटांचा पॅरिसचा दिवसही मंगळवारच आहे आणि त्यापुढेही लूव्रच लिहिले आहे. त्या लोकांना निघण्यापूर्वी कळवा.

आपली,
एक ग्राहक
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)