एकोणनव्वद क्रमांकाच्या इंजिनाविषयी वसंतास

बाथ, सॉमरसेट

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रांना इतके दिवस उत्तर गेले नाही, याचे कारण आळसाखेरीज काही नाही, तेव्हा सबबी सांगत बसत नाही. रक्तदाब ताब्यात आहे आणि गुडघे वयाला शोभतील असे आहेत.

आज लिहायला बसलो तो आपल्या दिवाळी अंकाच्या लेखापायी. संपादकांनी लेख घेतला, पण त्याला 'ड्रायव्हर बेशुद्ध, इंजिन बेफाम' असे शीर्षक देऊन १९२९ चा अपघात पहिल्याच परिच्छेदात आणावा असे कळवले आहे. ते वाचले आणि मला सदू आठवला. तुलाही आठवेल, म्हणून हे गाऱ्हाणे दुसऱ्या कुणापुढे मांडण्यात अर्थ नव्हता.

सेव्हन-एफ या वाफेवरच्या मालगाडी-इंजिनांची गोष्ट १९१४ पासून सांगायची असे आपले ठरले होते. इंग्लंडमधल्या डर्बीच्या रेल्वे-कारखान्यातील मंडळींचा लहान इंजिनांवर जीव. एकाने गाडी ओढवत नसेल तर दुसरे जोडायचे, पण मोठे बांधायचे नाही. मात्र बाथहून मेंडिप टेकड्या ओलांडणाऱ्या सॉमरसेट अँड डॉर्सेट मार्गावर पन्नासास एक (पन्नास फूट पुढे गेले की एक फूट वर) असा चढ होता, आणि त्या मार्गासाठी जेम्स क्लेटनने डर्बीच्याच आराखडा-विभागात बसून आठ चालक चाकांचे, बाहेर एकवीस इंची सिलिंडर असलेले इंजिन आखले. अशी सहा इंजिने १९१४ साली झाली आणि १९२५ साली रॉबर्ट स्टीफन्सन कंपनीने आणखी पाच बांधली. त्या पाचांच्या मोठ्या बॉयलरवरून तू माझ्याशी दौंडच्या फलाटावर किती भांडला होतास! पुढे त्यांनाही लहानच बॉयलर बसवले गेले, तेव्हा तो वाद मी जिंकला असे धरून चाललो आहे. केवळ मालगाड्यांसाठी घडवलेली ही इंजिने उन्हाळ्यातल्या शनिवारी सुट्टीच्या प्रवाशांनी भरलेले डबेही ओढत असत, हा परिच्छेद तर संपादकांनी 'अनावश्यक' म्हणून खोडला आहे. त्यांनी आयुष्यात कधी जादा गाडीने प्रवास केला नसावा.

मुलगी इथेच राहत असल्यामुळे मी याच मार्गावरच्या कूम डाउन बोगद्यातून चालून आलो. मार्ग १९६६ साली बंद झाला आणि २०१३ पासून बोगद्यातून पायवाट व सायकलवाट जाते. लांबी १,८२९ यार्ड, एकेरी रुळापुरताच खोदलेला, आणि मध्ये हवेसाठी एकही झरोका नाही. १८७४ साली हा फाटा बांधताना जुनी कंपनी इतकी कर्जात बुडाली की पुढच्याच वर्षी तिला सारा मार्ग दोन मोठ्या कंपन्यांना भाड्याने द्यावा लागला. अशा बांधकामात रुंदी कुठून येणार? इंजिन जितके मोठे, तितकी त्याच्या बाजूने हवेला जागा कमी. चढासाठी मुद्दाम मोठे केलेले इंजिन त्याच चढावरच्या बिळात घालायचे, हा खरा पेच आहे.

२० नोव्हेंबर १९२९ ला यांपैकीच एकोणनव्वद क्रमांकाचे इंजिन टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) पुढे ठेवून जड मालगाडी घेऊन बोगद्याअलीकडच्या मिडफर्ड स्थानकाहून निघाले, तेही थांबलेल्या अवस्थेतून, म्हणजे वेग घ्यायला वाव न मिळता. टेंडर पुढे असल्याने धुराडे माणसांच्या मागे होते, हे तू म्हणशीलच. पण माणूस चालेल त्या गतीने शंभरास एक चढताना धूर मागे राहत नाही, हे मी तुला काय सांगावे! ड्रायव्हर हेन्री जेनिंग्ज आणि फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारा) दोघेही धुराने गुदमरून पडले. रेग्युलेटर, म्हणजे वाफेची झडप, उघडा, वाफ भरपूर. इंजिन चढत राहिले, बोगद्याच्या उत्तर टोकाचा माथा ओलांडला, आणि मग उताराला लागून थेट बाथच्या मालधक्क्यात जाऊन आदळले. जेनिंग्ज आणि आवारातले दोन कर्मचारी मरण पावले, फायरमन वाचला. त्याच सुमारास आपल्याकडे कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने धावू लागली होती, म्हणजे बोगद्यातल्या धुरावर इलाज जगाला ठाऊक नव्हता असे कुणी म्हणू नये.

आता मला सांग, 'ड्रायव्हर बेशुद्ध' हे शब्द ठळक टाइपात वाचणारा माणूस पुढे बोगद्याची रुंदी वाचत बसेल का? तो तिथल्या तिथे निकाल देऊन मोकळा होईल. सदूच्या चौकशीत तेच झाले. फायरबॉक्सपुढे कधी उभे न राहिलेल्या माणसांनी 'डुलकी' हा शब्द कागदावर लिहिला आणि बाकी सगळे त्या शब्दामागे गेले. आप्पांनी तेव्हा तुला गप्प बसायला सांगितले. त्यांचे बरोबर होते की चूक, यावरचे आपले भांडण मी या पत्रात उकरून काढणार नव्हतो, पण ते आलेच. बरे, अपघात गाळावा तर तेही खोटेपण होईल. तेच एकोणनव्वद दुरुस्त होऊन १९६४ पर्यंत धावले आणि वेल्समधल्या बॅरीच्या भंगारखान्यातूनही वाचले. ही चिवट इंजिने होती, एवढेच लिहून हात झटकणे मला जमत नाही.

माझा विचार असा की अपघात लेखाच्या मध्यावर, चढ आणि बोगदा सांगून झाल्यावर यावा, आणि त्याच्याआधी पानभर मजकूर तुझ्या हातचा असावा: बंद जागेत, जड गाडी मागे असताना, फायरमनच्या छातीत आणि डोक्यात काय होते, किती वेळ भान टिकते, तोंडाला ओले फडके बांधून उपयोग होतो की नाही. सदूचे नाव घालू नकोस. घालावेसे वाटले तर घाल.

सूनबाईंच्या बढतीचे कळले, फार आनंद झाला. मोतीबिंदूचे लांबवू नकोस. वहिनींना नमस्कार.

संपादकांना मी महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितले आहे आणि शीर्षक बदलले नाही तर लेख परत घेऊ असेही, तुला न विचारताच, लिहून टाकले आहे. तुझा मजकूर त्याआधी पाठव, आणि हस्ताक्षर मागच्यासारखे नको, इथे कुणालाही ते लागत नाही.

तुझा,
श्रीधर