वॅटचा आकडा नसलेले उपाय छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत ‘लाइटबिल निम्म्यावर आणा’ या मथळ्याखाली तुम्ही पंचवीस उपाय छापलेत. पहिला उपाय, मोबाइल चार्ज झाला की चार्जर सॉकेटमधून काढा. नववा, रात्रभर छोटा दिवा जळत ठेवू नका. गीझर बाविसाव्या क्रमांकावर, तोही एका ओळीत आणि चुकीचा. फ्रिजबद्दल ‘सारखं दार उघडू नका’ एवढंच. या पंचवीसपैकी एकाही उपायापुढे ती वस्तू किती वॅटची, दिवसाला किती तास चालते आणि वर्षाला किती युनिट वाचणार, हे दिलेलं नाही. लेख लिहिणाऱ्याने हा हिशेब स्वतःपुरता तरी मांडला होता का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

हिशेब अवघड नाही. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. शाळेतल्या मुलालाही हा गुणाकार येतो.

तुमच्या पहिल्या क्रमांकाच्या चार्जरचंच घ्या. मोबाइल न जोडता नुसता सॉकेटमध्ये राहिलेला आजचा बरा चार्जर एक दशांश वॅटच्या आसपास वीज घेतो. वर्षाचे ८७६० तास तो तसाच राहिला तरी एक युनिट पुरतं भरत नाही. तेवढीच वीज दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात घेतो. मग चार्जर पहिला आणि गीझर बाविसावा, हा क्रम लावला कुणी? टीव्हीचंही तसंच. रिमोटने बंद केलेला टीव्ही भरपूर वीज खातो, हे जुन्या टीव्हींच्या काळात खरं होतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्येच स्टँडबायची वीज एक वॅटवर आणण्याचा आग्रह धरला होता. युरोपीय संघाने साध्या स्टँडबायसाठी २०१० पासून एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. टीव्ही सुधारले, तुमचा लेख मात्र तिथेच थांबला. आणि टीव्हीखालच्या सेटटॉप बॉक्सचं काय? त्यातले कित्येक रिमोटने बंद केल्यावरही दहा वॅटच्या आसपास घेत राहतात. दहा वॅट वर्षभर म्हणजे जवळपास ८८ युनिट. पंचवीस उपायांत सेटटॉप बॉक्सचं नावही नाही.

पण मी हे पत्र चार्जरसाठी लिहीत नाही. नवव्या उपायासाठी लिहिते आहे.

असाच लेख तुमच्याच पुरवणीत याआधीही आला होता आणि त्यातही रात्रीच्या दिव्याचा उपाय होता. माझ्या वडिलांनी तो कापून फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला. बाबा निवृत्त आहेत, हिशेबी आहेत, आणि छापून आलेल्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. त्यांनी एकेक उपाय अमलात आणायला घेतला. चार्जर निघाले, बैठकीतला एक दिवा कायमचा बंद झाला, दुपारचा पंखा दोनवरून एकवर आला. बेडरूमपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये भिंतीलगत एक छोटा एलईडी दिवा रात्रभर असायचा. बाबांनी तोही काढून ड्रॉवरमध्ये ठेवला.

आई रात्री उठते. तिला पॅसेजमधलं बटण दूर पडतं, म्हणूनच तो दिवा लावलेला होता. एका रात्री ती अंधारात भिंत चाचपत गेली, बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडकला आणि उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत तिला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते, ब्लाउजचे हुक लावता येत नव्हते, भाताचा घास डाव्या हाताने घ्यावा लागत होता. तो हात अजून पूर्वीसारखा वळत नाही, पिळायचं काही असलं की ती दुसऱ्याला हाक मारते. ती बाबांना एका शब्दाने बोलली नाही. मी तुम्हाला बोलते आहे, कारण तो उपाय बाबांनी शोधलेला नव्हता.

आता त्या दिव्याचा हिशेब बघा. अर्ध्या वॅटचा दिवा, रात्रीचे दहा तास, वर्षाचे ३६५ दिवस. बेरीज होते १.८ युनिट. महिन्याची नव्हे, अख्ख्या वर्षाची. पूर्वी ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणायचो तो तारेचा बल्ब दहा ते पंधरा वॅट घ्यायचा. तो रात्रभर जाळू नका म्हणणं त्या काळी ठीक होतं, कारण वर्षाला चाळीस-पन्नास युनिट त्यात जायचे. तो सल्ला कुठल्या तरी जुन्या लेखातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरवला गेला आणि मधल्या काळात बल्ब बदलला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हाताऱ्या माणसाला रात्री अंधारात चालायला सांगताना निदान एकदा तरी कुणी थांबून विचार करायला हवा होता.

एवढं सगळं करून बाबांचं बिल कमी झालं का? नाही. चढतच होतं. आईच्या आजारपणात मी तिकडे राहायला गेले तेव्हा भाऊ आणि मी शोध घेतला. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ बारीक आकडा छापलेला असतो. आमच्याकडे ३२०० होता, काही मीटरवर १६०० किंवा १००० असतो. दिवा तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट झालं. ३२०० चा मीटर असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, की त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते कळतं. घरातली सगळी बटणं बंद केली, फक्त फ्रिज चालू ठेवला. दिवा दर नऊ सेकंदांनी लुकलुकायला लागला. म्हणजे सव्वाशे वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना एवढी वीज लागते, त्यात काही विशेष नाही. विशेष हे, की आम्ही वाट बघत राहिलो आणि कॉम्प्रेसर थांबेचना. जेवणं झाली, भांडी घासून झाली, तो चालूच.

दाराच्या खालच्या बाजूचं रबर कोपऱ्यात फाटलं होतं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं तर ती ओढल्यावर अलगद बाहेर येत होती. रबर नीट असेल तर पट्टी धरून राहते, ही तपासणी कुणालाही करता येते. त्या फटीतून गरम, दमट हवा सतत आत जात होती आणि फ्रीझरच्या भिंतीवर बर्फाचा जाड थर बसला होता. तो बर्फच थंडावा अडवून धरतो, त्यामुळे कॉम्प्रेसरला आणखी राबावं लागतं. दिवसातले नऊ-दहा तास चालायचा तो कॉम्प्रेसर चोवीस तास चालत होता. चौदा तास जादा, सव्वाशे वॅटने, म्हणजे रोज पावणेदोन युनिट वाया. जो दिवा काढल्यामुळे आईचा हात मोडला त्याने वर्षभरात जेवढी वीज घेतली असती, जवळपास तेवढी तो फ्रिज रोज वाया घालवत होता. आणि तुमचं कात्रण त्याच फ्रिजच्या दारावर लावलेलं होतं. त्यात रबराचा उल्लेख नव्हता. कालच्या लेखातही नाही.

बाविसाव्या उपायाकडे येते. ‘कमी वॅटचा गीझर घ्या’ असं तुम्ही छापलंत. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला साधारण ०.४४ युनिट लागतातच, मग गीझर हजार वॅटचा असो की तीन हजारांचा. कमी वॅटचा गीझर तेवढंच काम जास्त वेळ घेऊन करतो. वीज वाचते ती कमी गरम पाणी वापरल्याने, थर्मोस्टॅट उगीच वर न ठेवल्याने आणि अंघोळी आटोपल्या की गीझर बंद केल्याने, कारण टाकीत साठलेलं गरम पाणी दिवसभर निवत राहतं आणि गीझर ते पुन्हा पुन्हा तापवतो. हे तीन मुद्दे लिहिले असते तर ती ओळ सत्कारणी लागली असती.

‘एसी चालू असताना पंखा बंद ठेवा’ हाही असाच. पंख्याचा वारा अंगावर असेल तर एसी चोवीसऐवजी सव्वीसवर ठेवून चालतो, आणि एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे पाच-सहा टक्के वीज वाचते असं धरतात. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास घेतो, जुना पंखा पंचाहत्तर, नवा, कमी विजेवर चालणाऱ्या मोटारीचा बीएलडीसी पंखा तीस. वाचवायचं कुठे हे आकडेच सांगतात. तुम्ही लोकांना पंखा बंद करायला सांगता.

तापवणं आणि गार करणं. गीझर, फ्रिज, एसी असलेल्या घरातली बहुतेक वीज या दोन कामांत जाते. त्यापुढे चार्जर आणि रात्रीचा दिवा हिशेबात धरायच्या लायकीचेसुद्धा नाहीत.

आता त्याच पानावरच्या तळाच्या जाहिरातीबद्दल. ‘सॉकेटला लावा आणि बिल ४० टक्के कमी करा’ असा दावा करणारी डबी. काल संध्याकाळी बाबांचा फोन आला, “ते यंत्र मागवू का?” त्यांना ती जाहिरात वाटलीच नाही, लेखाचाच भाग वाटली, कारण ती त्याच चौकटीला लागून, तशाच अक्षरांत छापलेली आहे. अशा डब्यांत सहसा एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत सोडणारा सुटा भाग, असतो आणि बाहेर एक रंगीत दिवा. कारखान्यात मोठ्या मोटारींसाठी कपॅसिटर बसवतात, त्याला कारण असतं. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेले युनिट मोजतो आणि कपॅसिटर लावल्याने ते कमी होत नाहीत. उलट त्या डबीचा स्वतःचा दिवा थोडी वीज खातो. जाहिरात विभाग वेगळा असतो, हे मला ठाऊक आहे. पण वाचकाच्या हातात पान एकच येतं.

माझं म्हणणं स्वच्छ आहे. वीज वाचवण्याचे उपाय जरूर छापा, लोकांना त्यांची गरज आहे. जिथे जास्त वापराला चढा दर लागतो तिथे वरचे पन्नास युनिट वाचले तरी घराला मोठा आधार होतो. पण प्रत्येक उपायापुढे वॅट, तास आणि वर्षाचे युनिट असे तीन आकडे द्या आणि क्रम त्या आकड्यांनी लावा. मीटरचा लाल दिवा कसा वाचायचा तेही छापा, म्हणजे माणूस तुमचं ऐकण्याआधी स्वतःच्या घरात पडताळून बघेल.

आणि नववा उपाय मागे घ्या. पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. माझे वडील तुमचा पेपर अजून घेतात आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

कळावे,
आपली एक जुनी वाचक