आई-बाबा, मी सही केली

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

मायना बरोबर आहे ना बाबा? पाचवीत पाठ करून घेतला होतात तसाच लिहिलाय. पोस्टाने पाकीट आलेलं बघून दोघांच्या पोटात गोळा आला असेल, म्हणून आधीच सांगते: तब्येत ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे आणि कुणाशी परस्पर लग्न लावलेलं नाही.

गोष्ट एवढीच, की इथल्या, जपानमधल्या शाळेतल्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षाच्या करारावर मी सही केली. गेल्या महिन्यात, जानेवारीत. त्यानंतर आपण चारदा व्हिडिओ कॉलवर बोललो. चारही वेळा आईने विचारलं, "मग ऑगस्टला कायमची येतेस ना?" आणि चारही वेळा मी म्हटलं, "बघू, अजून ठरलं नाही." तोवर कागद शिक्षण मंडळाच्या कचेरीत पोचलासुद्धा होता. सही म्हणतेय खरी, पण इथे शिक्का मारतात. हांको म्हणतात त्याला. माझ्या नावाचा हांको काताकाना लिपीत कोरलेला आहे, जेमतेम बोटाएवढा. लाल शाईत टेकवला, कागदावर दाबला, झालं.

आता तुमचं. रविवारी दादाच्या फोनवर भाची होती. म्हणाली, "आत्या, आजोबांच्या पांढऱ्या हातावर मी फुलपाखरू काढलंय." म्हटलं, पांढरा हात म्हणजे गं? मग दादाला सगळं सांगावंच लागलं. बाथरूममध्ये पाय सरकला, उजवं मनगट मोडलं, प्लास्टरला पाच आठवडे होत आले. पाच आठवडे बाबा तुम्ही मला खांद्यापासून वरच दिसत होतात, आणि मी इकडे खूश, की बाबांना एकदाचा फोन सरळ धरता यायला लागला! फोन आई धरत होती, हे आत्ता कळलं.

म्हणून पत्र. कॉलवर आपण तिघंही जरा जास्तच चांगले दिसतो.

हे किती वर्षं चालायचं, असं बाबांनी मागे विचारलं होतं आणि मी विषय बदलला होता. उत्तर नियमातच आहे. मी ज्यातून इथे आले त्या जेट प्रोग्रॅमचा करार एका वर्षाचा असतो, दोन्ही बाजूंनी हो म्हटलं तरच पुढे सरकतो, आणि कितीही गोडी लागली तरी पाच वर्षांच्या वर राहता येत नाही. जपानने हे 1987 साली सुरू केलं. हल्ली 50च्या आसपास देशांतून आलेले पाच हजारांवर लोक इथल्या शाळांत आणि कचेऱ्यांत काम करत असतात. बहुतेक माझ्यासारखे एएलटी, म्हणजे इंग्रजीच्या शिक्षकाच्या जोडीने वर्गात उभे राहणारे. अर्जात पसंती लिहिता येते, पण गाव वाट्याला येईल ते. माझ्या वाट्याला शिमाने प्रांतातलं गाव आलं, त्याला मी काय करू?

सगळ्यात जास्त एएलटी अमेरिकेतून येतात, त्यामुळे पहिल्याच तासाला मुलांनी विचारलं, अमेरिकेत कुठे? मी म्हटलं, "इंदो", म्हणजे भारत. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एकजण जोरात ओरडला, "कारे!" मी दचकलेच. क्षणभर वाटलं, इथे कोण मला मराठीत "का रे" म्हणतंय? तो "करी" म्हणत होता. त्या दिवशी घरी येऊन हसता हसता रडले होते, हे तेव्हा सांगितलं नाही. वाटत होतं, यांना जन्मापासून इंग्रजी बोलणारं माणूस हवं होतं आणि सरकारने चुकून मला धाडलं.

पण झालं उलटंच. ही मुलं लिहितात, "आय ॲपल ईट." शेजारच्या गावात आलेल्या अमेरिकन मुलाला कळेना, की सगळ्यांची हीच चूक कशी होते. मला एका मिनिटात कळलं. "वाताशि वा रिंगो ओ ताबेरु", मी सफरचंद खाते. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे चिकटलेले, आणि वाक्याच्या टोकाला आपल्या "ना"सारखा "ने". मीही पाचवीत हेच लिहिलं होतं बाबा, आणि तुम्ही क्रियापदाला गोल करून बाणाने मध्ये ओढलं होतंत. तोच बाण मी इथल्या फळ्यावर काढते. पोरं त्याला "इंदो नो या" म्हणतात, भारताचा बाण.

अजून एक गंमत खास तुमच्यासाठी राखून ठेवलीय. यांची मुळाक्षरं ऐका: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. म्हणून बघा सावकाश. स पूर्वी च-छच्या जवळचा होता म्हणतात, आणि ह होता प. म्हणजे कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य आणि मग य, र, व. आपलाच क्रम! बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्र वाचायला सिद्धम् लिपी शिकले, त्यातून हा क्रम आला. इथल्या स्मशानात थडग्यांमागे उभ्या लाकडी फळ्या असतात, त्यांवर अजूनही तीच अक्षरं लिहितात. मी त्यातला एक "अ" शोधून काढला आणि तिथे उभी राहून तुमची आठवण काढली. स्मशानात आठवण काढली म्हणून आई रागावेल, रागावू दे.

आणि घरातून निघताना हे लोक "जाते" म्हणत नाहीत. "इत्तेकिमासु" म्हणतात, जाऊन येते. घरात कुणी नसलं तरी मी रोज दाराशी बूट घालताना म्हणते.

आईचं पुढचं वाक्य मला माहीत आहे: थंडीत मरशील तिथे. थंडी आहेच. इथला हिवाळा स्वच्छ उन्हाचा नाही, समुद्राकडून दिवसदिवस ओला बर्फ आणि पाऊस येतो. डबा विसरलास तर चालेल, छत्री विसरू नकोस, अशी इथे म्हणच आहे. वर्गात रॉकेलची शेगडी असते, पण व्हरांडे बर्फासारखे. मात्सुएला, म्हणजे आमच्या जवळच्या शहरात, खंदकाच्या काठाला लाफ्काडिओ हर्न या लेखकाचं घर जपून ठेवलंय. तो 1890मध्ये तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला होता. आई ग्रीक, वडील आयरिश. इथल्याच मुलीशी लग्न केलं, कोइझुमि याकुमो हे नाव घेतलं, जपानी झाला. पण मात्सुएत टिकला सव्वा वर्षच. थंडी सोसेना, म्हणून कुमामोतोला गेला म्हणतात. त्याच्या त्या छोट्या बागेसमोर मी जानेवारीत तासभर बसले होते, शिक्का मारायच्या दोन दिवस आधी. त्याची आई तो लहान असतानाच दुरावली, पुन्हा भेटली नाही. त्याला कुणाला पत्राने विचारायचं नव्हतं.

आता खरं कारण.

आठवड्यातले दोन दिवस मी डोंगरातल्या एका प्राथमिक शाळेत असते. अख्ख्या शाळेत 17 मुलं. इथे 2020पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, तिसरी-चौथीला नुसतं गाणी-खेळ. मुलं इतकी कमी, की दोन इयत्ता एका खोलीत बसतात. एक फळा पुढे, एक मागे. एका इयत्तेची तोंडं इकडे, दुसरीची तिकडे, पाठीला पाठ लावून, आणि बाई मधून पळत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तुमची द्विशिक्षकी शाळा आठवली. तिसरीला गणितं घालून चौथीला कविता शिकवायचात, आणि मी खिडकीत बसून दोन्ही ऐकायचे. मुलं स्वतःच वर्ग झाडतात, पुसतात. मीही फडकं घेऊन गुडघ्यावर. जेवणाची वाढपी मुलंच. मुलांच्या आधी मुख्याध्यापक जेवण चाखून बघतात, हा नियमच आहे. (आई, सूपमध्ये माशाचा अर्क असतो. पहिलं वर्ष मी वेगळा डबा घेऊन बसले. आता सगळ्यांबरोबर बसते. तेही सांगायचं राहिलं होतं.)

ही शाळा पुढच्या वर्षी मार्चअखेर बंद होणार आहे. मुलं बसने खालच्या मोठ्या शाळेत जातील. पाचवीत सध्या तीन मुलं आहेत. मी आले तेव्हा ती चौथीत होती, त्यांना एबीसीडीपासून मीच धरलंय. या शाळेतून बाहेर पडणारी ती शेवटची. ऑगस्टला मी गेले तर त्या शेवटच्या सात महिन्यांसाठी कुणी नवीन येईल, त्यांची नावं शिकेल, आणि शाळाच संपेल.

त्या गावात मुलांपेक्षा तुमच्या वयाची माणसं जास्त. शाळेच्या वाटेवर एक आजी असतात. दर वेळी काहीतरी हातात कोंबतात, कधी मुळा, कधी पर्सिमॉनचं फळ. आणि दर वेळी एकच प्रश्न: "ओतोसान, ओकासान, गेनकि?" आई-वडील बरे आहेत ना? मी म्हणायचे, "गेनकि देस." मजेत आहेत. तेव्हा बाबांच्या हाताला तीन आठवड्यांचं प्लास्टर होतं. आजींची मुलं हिरोशिमाला असतात. ओबोनला, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाला येतात, चार दिवस राहतात.

हे सगळं वाचून आई म्हणेल, तीन पोरं तिकडे आणि दोन म्हातारी माणसं इकडे, हा कुठला हिशेब? मला तो जमत नाही. रात्री तीनदा मांडून पाहिलाय. आणि फक्त पोरांसाठी राहतेय असंही नाही, उगाच मोठेपणा कशाला घेऊ? मला इथे आवडतं. सुट्टीत शाळा रिकामी असते तरी आम्हाला टेबलाशी हजर राहावं लागतं, नुसती खुर्ची उबवायला, तेही मला आवडतं. संध्याकाळी निघताना मी म्हणते, तुमच्या आधी निघते, माफ करा. सगळे शिक्षक मान वर करून म्हणतात, "ओत्सुकारेसामा." त्याचा मी मनातल्या मनात अर्थ लावते, दमलीस गं.

ऑगस्टला मी येतेय, परतीचं तिकीट काढून. जास्तीत जास्त रजा मागितली आहे. त्यानंतर जुलै 2027ला करार संपेल, चौथ्यासाठी मी शिक्का मारणार नाही. हे लिहून देतेय, कॉलवर बोललेलं नाही. मधल्या काळात बाबांना काही झालं तर दादाने मला त्याच दिवशी कळवायचं, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तुम्ही त्याला गप्प बसायला सांगू नका. तुम्ही सांगितलं की तो ऐकतो, ही त्याची जुनी खोड आहे.

प्लास्टर निघालं की पहिलं पत्र मला लिहा बाबा. ओळी वाकड्या गेल्या तरी चालतील, मी लाल पेनाने गोल करणार नाही. आणि आई, शेवटच्या दोन ओळी तू लिही. बाबांनी सांगितलेल्या नकोत, तुझ्या. रागाच्या असल्या तरी.

तुमची,
धाकटी

ता. क. बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवायला दादाला सांगितलंय, पैसे पाठवलेत. "कशाला उगीच खर्च" म्हणू नका. शिक्का मारून झालाय.