आमच्या हापशीचं नाव कागदावर लिहिणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

गावांच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचा तुमचा प्रबंध मान्य झाला, तुम्ही डॉक्टर झालात, हे परवा आशाताईंकडून कळलं. मनापासून अभिनंदन. तुम्ही पाण्याच्या तपासणीचा कागद घेऊन आलात त्या दिवशी हापशीवर तुमचे आभार मानायला तोंड उघडलं होतं, पण गळा दाटून आला आणि शब्दच फुटला नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावानं सर्व्हेवाले पुष्कळ पाहिले. अंगणवाडी सेविका म्हणून त्यांना घरं दाखवायला मीच सोबत जायची. कुणी फॉर्म भरून नेले, कुणी बाटल्यांत पाणी नेलं, कुणी पोरांना ओळीनं उभं करून दातांचे फोटो काढले. चहा झाला, सह्या-अंगठे झाले, गाडी गेली. परत कुणी आलं नाही. मग हापशीवर बाया मलाच विचारायच्या, "बाई, पाणी नेलं होतं त्यायनं, त्याचं काय निघालं?" मी काय सांगणार होते? आमच्या लेकरांचे पिवळे-तपकिरी दात कुठल्या तरी अहवालात छापूनही आले असतील, आम्हाला त्याचं एक पान दिसलं नाही. याचा राग मला आजही आहे. माणसाचं दुखणं लिहून न्यायचं आणि त्याचं उत्तर त्यालाच सांगायचं नाही, हा कुठला अभ्यास?

तुम्हीही बाटल्या नेल्यात. पण तुम्ही परत आलात, तेही ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बसायला नाही, तर सकाळी पाणी भरायच्या वेळी, जिथे बाया असतात तिथे. हातात एक कागद होता, मोठ्या अक्षरांत, मराठीत. आणि त्या कागदावर 'नमुना क्रमांक एक, नमुना क्रमांक दोन' असं काही नव्हतं. 'पाराजवळची हापशी', 'शाळेमागची हापशी', 'वाड्यातली जुनी विहीर', 'नाल्याकडची बोअर' असं लिहिलं होतं. आम्ही रोज बोलताना घेतो तीच नावं.

ताई, तुमच्या प्रबंधात क्रमांकच असतील, तिथे तेच लागत असतील. पण रात्री बसून प्रत्येक क्रमांकासमोर आमचं नाव लिहायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला गुण मिळणार नव्हते. त्या नावांमुळेच, कधी शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या आजीबाईंनाही एकदा ऐकून कळलं की कुठलं पाणी प्यायचं आणि कुठलं धुण्याभांड्याला ठेवायचं. माझ्यासाठी तुमच्या सगळ्या कामात हीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे.

पाराजवळच्या हापशीचं पाणी काचेसारखं, चवीला गोड, म्हणून अख्खं गाव तिथेच रांग लावायचं. फ्लोराइड नेमकं तिथेच सगळ्यात जास्त निघालं. तुम्ही समजावलंत की त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि पाणी उकळलं तर ते जात नाही, उलट दाट होतं. प्यायच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा उपायच नसेल तर 1.5 पर्यंत, त्यापुढे गेलं तर दात खराब होतात आणि हाडं आखडतात. बोअर जितकी खोल, तितकं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं, म्हणून शेजारच्या उथळ विहिरीचं पाणी चांगलं आणि बोअरचं वाईट, असं होऊ शकतं. ज्या जुन्या विहिरीकडे नळ-बोअर आल्यापासून कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं, तीच आमच्या कामाची निघाली.

आणि मग तुम्ही माझ्या लेकीकडे वळलात. शाळेत तिला "दात घासत नाही" म्हणून ओळीतून बाहेर काढलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. एका दवाखान्यात तर डॉक्टरांनी तोंडात न पाहताच, "खर्रा खाते का?" असं विचारलं होतं, म्हणजे तंबाखू-सुपारी. नवव्या वर्गातल्या पोरीला! तुम्ही सगळ्या बायांसमोर, तिच्या मैत्रिणींसमोर म्हणालात, "हे डाग अस्वच्छतेचे नाहीत. दात हिरडीच्या आत तयार होत असतात ना, तेव्हाच पाण्यातून बसलेले आहेत. हिनं कितीही घासलं असतं तरी गेले नसते." बस, एवढंच. शाळेतल्या त्या लोकांनी आणि त्या डॉक्टरांनी कधी तिची माफी मागितली नाही. तुमचा तर काही दोष नव्हता, तरी तिची बाजू तुम्ही मांडलीत.

1937 साली आताच्या आंध्रातल्या नेल्लोर भागात फ्लोराइडमुळे होणारा हा दात-हाडांचा आजार आपल्या देशात पहिल्यांदा ओळखला गेला, हे तुमच्याकडूनच कळलं. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नळगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शोधली, तीसुद्धा काही दशकांपूर्वी. नागपूर आमच्यापासून एका सरळ हमरस्त्यावर. ज्ञान होतं, माणसं होती, ते उचलून आमच्या हापशीपर्यंत आणणारं कुणी नव्हतं. माझ्या सासूबाईंचे गुडघे आखडले, मान वळेना, आणि वर्षानुवर्षं त्यांना दुखण्याचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं गेलं. एकानंही विचारलं नाही, "पाणी कुठलं पिता?"

म्हणून मला वाटतं, हुशार माणसं आपल्याकडे कमी नाहीत, विद्यापीठं भरलेली आहेत. कमी आहेत ती समोरच्याला माणूस समजून बोलणारी. तुमच्यासारखी आणखी दहा जण या जिल्ह्यात फिरली तर कितीतरी पोरी मोकळेपणी हसतील.

आता इथली खबर. जुनी विहीर उपसली, गाळ काढला, वर जाळी बसवली. पाराजवळच्या हापशीवर लाल रंग मारलाय. अंगणवाडीत तुम्ही सांगितल्याप्रमाणे कॅल्शियमकडे लक्ष देते. पावसाळ्यात तरोट्याची भाजी आहेच, शिवाय दूध, तीळ. पोरांना कोरा चहा देऊ नका, हे आयांना सांगून सांगून थकते, पण सांगते.

एक काम मात्र राहिलंय. नाल्यापलीकडच्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, या उन्हाळ्यात नवी बोअर पाडली आणि तिचं पाणी कुणीच तपासलेलं नाही. मी दोन बाटल्या भरून, वर तारीख लिहून ठेवल्यात. कुठे पाठवायच्या ते कळवा. आणि अहवाल आला की त्यावर 'पोडावरची नवी बोअर' असंच लिहा. वाचून दाखवायला मी जाईन.

तुमची,
एक अंगणवाडी सेविका
केळापूर तालुका, जिल्हा यवतमाळ