तुम्ही घाई केली नाहीत, म्हणून

नमस्कार डॉक्टर मॅडम,

बायकोच्या खांद्याचा आधार घेत, वाकडा होऊन नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या, मणक्यांवर हातानं उपचार करायच्या तुमच्या क्लिनिकमध्ये आलेला दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार तुम्हाला आठवत असेल. समोर बसून आभार मानायला मला जमलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आमच्या भागात कंबर धरून बसलेले पुष्कळ आहेत.

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उरकून बाग फुटत होती. त्या दिवसांत पावसाची सर आली की डाऊनी रोगावरची फवारणी लांबवता येत नाही, त्यामुळे माझा मुक्काम ट्रॅक्टरवरच. डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून थेट पोटरीत उतरायची. क्लच दाबला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. साधी शिंक आली तरी कमरेत करंट बसायचा. करंगळीच्या बाजूनं पाऊल बधिर झालं होतं. उसण भरली म्हणून पायाळू माणसाचा पाय लावून झाला, तेल झालं, शेक झाला. शेवटी कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, 'मणका एकदा कट्ट वाजवतात की माणूस मोकळा' असं म्हणून.

तुम्ही त्या दिवशी काहीच वाजवलं नाहीत. माझे पहिले आभार त्याचेच.

तुम्ही मला उताणं झोपवून डावा पाय सरळ ठेवून हळूहळू उचललात. तो निम्म्यावरही गेला नाही तोच कळ गुडघ्याखाली धावली. मग टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडी मारलीत. उजवं पाऊल टुणकन उडालं, डावं जेमतेम हललं. चवड्यांवर चालायला लावलंत तर डावी टाच खाली येत होती. ते बघून तुम्ही म्हणालात, "आधी एमआरआय आणि हाडांच्या डॉक्टरांचं मत. तोवर मी मणक्याला हात लावणार नाही." सौ. हिरमुसली. इतक्या लांबून आलो होतो, आणि वेदनेतल्या माणसाला 'थांबा' हा शब्द सोसत नाही. पण तुम्ही जागच्या हलला नाहीत.

एमआरआयमध्ये एल ५ आणि एस १ या कमरेच्या तळाच्या मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकून नसेवर दाब आलेला दिसला. ऑपरेशनची घाई नको, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच तुम्ही काम सुरू केलंत. तेही जोर लावून नाही. टेबलाचा खालचा भाग सावकाश खाली जायचा, कमरेला ताण बसायचा, आणि तुमचा तळवा मणक्यावर नुसता टेकलेला असायचा.

आईनं विचारलं, "हाड बसवतात तसंच का हे?" तुम्ही तिच्याशेजारी बसून सांगितलंत, की हाड जागेवरून सुटलेलंच नसतं. कट्ट आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो त्याचा. त्यानं गादी आत जात नाही. सरकलेली गादी बहुतेकांत शरीरच हळूहळू आटवतं. बहुतेक लोक सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय सुधारतात, आपण तेवढ्या काळात दुखणं कमी करायचं आणि माणूस हलता ठेवायचा. स्वतःच्या हातगुणाचं श्रेय इतकं कमी घेणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. पडून राहायचं नाही, थोडं थोडं चालायचं, हेही तुम्हीच सांगितलंत. मी मांडवाखालून ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो. कळ आधी पोटरीतून गेली, मग मांडीतून. बधिरपणा सगळ्यात शेवटी गेला.

आणि तो कागद. दोन्ही पायांत अशक्तपणा, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा, लघवी अडकणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पाऊल लोंबकळणं: यातलं काहीही झालं तर माझ्याकडे येऊ नका, त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलात जा. एवढंच ठळक अक्षरात लिहून दिलंत. तो कागद मी शेडमध्ये फवारणीच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलाय. बागेत कामाला येणाऱ्यांना वाचून दाखवतो. पाठीवर पंप घेणाऱ्यांना आणि डोक्यावरून क्रेट वाहणाऱ्यांना तो माझ्याइतकाच लागतो.

यंदाची छाटणी झाली. ट्रॅक्टर मी चालवतोय, पण सीटखाली नवी गादी टाकलीय आणि तुम्ही म्हणालात तसं मधेमधे खाली उतरून चार पावलं चालतो. आईनं निरोप दिलाय, फेब्रुवारीत माल उतरला की पहिली पेटी डॉक्टरीणबाईंची. ती घेऊन मी येतोय, नाही म्हणू नका.

तुमचा,
दिंडोरी तालुक्यातला एक बागायतदार