सूचना : १८ जूनच्या लढाया, १७ तारखेलाच

सर्व सभासदांस,

यंदाची बैठक १८ जूनऐवजी आदल्या दिवशी, १७ ला सायंकाळी ५ वाजता, मडगावात नेहमीच्या जागी होईल. १८ ला गोव्याचा क्रांतिदिन. १९४६ साली त्याच तारखेला डॉ. लोहियांनी पोर्तुगीज राजवटीविरुद्ध याच शहरात सभा घेतली. त्या दिवशी बहुतेकांना लोहिया मैदानावर जायचे असते.

विषय हाच दिवस. १५७६ ची हळदीघाटी आणि १८१५ चे वॉटर्लू. (हळदीघाटीची तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची, आजच्या हिशेबाने ती २८ जून. वाद घालायचाच तर चहानंतर.)

पडद्यावर काय दाखवणार? उदयपूरच्या सिटी पॅलेस संग्रहालयातले राणा प्रतापांचे चिलखत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले पीनेमनचे वॉटर्लूचे चित्र, रुंदी ८ मीटरांहून जास्त. आपल्या पडद्यावर बिचारे पोस्टकार्डाएवढे दिसेल. एलिझाबेथ बटलर यांच्या वॉटर्लूवरच्याच १८८१ च्या चित्रातले करडे घोडे तर थेट पाहणाऱ्याच्या अंगावर येतात. मला मात्र सर्वांत बोलका वाटतो तो पॅरिसच्या लष्करी संग्रहालयातला एका फ्रेंच घोडेस्वाराचा चिलखती पत्रा : उजव्या छातीवर तोफगोळ्याने पाडलेले भोक, आणि पाठीच्या पत्र्यातूनही आरपार. पुढे वेगळे सांगावे लागत नाही.

गेल्या खेपेस ऐन वेळी प्रोजेक्टर रुसला होता, म्हणून चित्रांच्या छापील प्रतीही काढल्या आहेत. पाऊस धरून चालावे. छत्र्या बाहेरच्या बादलीत ठेवा. पातळभाजी-पाव मोजून मागवायचा आहे, तेव्हा येणाऱ्यांनी १५ पर्यंत कळवावे.

– चिटणीस