जुन्या भिंतीवर सिमेंट थापू नका
संपादक साहेब,
पावसाळा तोंडावर आला की गावात जुन्या वाड्यांच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर सुरू होते, मिस्त्री म्हणतो काम पक्कं, पण चुन्यात बांधलेली वीट ओल बाहेर टाकत असते, वरून सिमेंट थापलं की ती आतच कोंडते अन् लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून वीट भुसभुशीत होते, शेजारच्या ओसरीत नखानं खरवडलं तरी लाल भुकटी पडते. थंड देशात तर चिमणीच्या विटेत मुरलेलं पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगते, विटेचे पापुद्रे उडतात, म्हणून तिकडेही जुन्या विटेचे सांधे चुन्यानंच भरतात. आपल्याकडे बर्फ नाही, ओल तर आहे ना! घरकुल योजनेत गवंड्यांना ट्रेनिंग देतातच, त्यात चुन्याचं कामही शिकवा म्हणा.
- एक वाचक, जि. यवतमाळ